डोंगरातली लांब धाव : सहीच्या आधी तपासणी

"ताई, फक्त सही पाहिजे. फॉर्मची तारीख निघून जाईल."

वस्तीतला तेवीस वर्षांचा मुलगा संध्याकाळी कागद घेऊन दारात उभा होता. पोलीस भरतीसाठी चार वर्षांपासून पहाटे धावतो. भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. याचे अंतर वाढत वाढत पंधरा किलोमीटरवर गेले, आणि मैदानावरच्या मित्रांनी त्याला डोंगरातल्या शर्यतीचे नाव सांगितले. कागद वैद्यकीय दाखल्याचा होता. त्यावर डॉक्टरची सही लागते, नर्सची चालत नाही. तसे सांगितले तर म्हणाला, "एक जण न तपासताच देतो म्हणे, पण तो गावाला गेला आहे. तुमच्या ओळखीचा कोणी असेल ना?"

मी विचारले, "तुझ्या बहिणीला सिकलसेल आहे. तुझी तपासणी कधी झाली?"

"मले काय होते ताई? मी त रोज धावतो."

हा लेख त्या उत्तरामुळे लिहिते आहे. आपल्या वस्त्यांतली मुले-मुली आता रस्त्यावरच्या मॅरेथॉनमध्ये दिसतात, काही जण डोंगराकडेही वळत आहेत. आनंदाची गोष्ट आहे. पण ज्या शर्यतीला ती निघाली आहेत ती काय आहे, शरीराकडून काय मागते, आणि घरच्यांनी काय विचारायला हवे, हे आधी कळले पाहिजे.

ही शर्यत कशी असते

मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची असते. त्याहून लांब धाव म्हणजे अल्ट्रा. ती डांबरी रस्त्याऐवजी पायवाटेने, जंगलातून, डोंगरावरून गेली की तिला ट्रेल अल्ट्रा म्हणतात. आपल्याकडे पुणे जिल्ह्यात सिंहगड, राजगड आणि तोरणा या किल्ल्यांच्या वाटांनी होणारी शर्यत धावणाऱ्यांत चांगलीच माहीत आहे. ती हिवाळ्यात होते. तिच्यात ११, २५, ५३ आणि १०० किलोमीटर अशी अंतरे ठेवली गेली आहेत. तोरणा समुद्रसपाटीपासून सुमारे १४०० मीटर उंच आहे. आमचे नागपूर जेमतेम ३०० मीटरवर, तेही सपाट.

म्हणून फॉर्ममध्ये किलोमीटरच्या शेजारी दुसरा आकडा शोधा : एकूण चढ. साधा हिशेब असा की, दर १०० मीटर चढ म्हणजे सपाटीवरचा एक किलोमीटर जास्तीचा धरायचा. शर्यत ५० किलोमीटरची आणि एकूण चढ २००० मीटर असेल, तर मेहनत ७० किलोमीटरची झाली. रस्त्यावर दहा किलोमीटर तासाभरात धावणाऱ्याला डोंगरात त्याच दहाला दोन-अडीच तास लागू शकतात. चढावर चालणे ही तिथे नामुष्की नसते. चांगले चांगले धावपटूही चढ चालूनच जातात.

तिसरा आकडा कट-ऑफचा. प्रत्येक थांब्यावर पोहोचायची वेळ ठरलेली असते. उशीर झाला तर तिथे थांबवून गाडीने खाली आणतात. हा नियम अंधारात दमलेला माणूस कड्यावर अडकू नये म्हणून असतो. फी भरण्याआधी थांबे, वेळा, सोबत ठेवायच्या वस्तू आणि पैसे परत मिळण्याचा नियम, हे सगळे त्या वर्षीच्या नियमपत्रिकेत वाचा. जुन्या वर्षाच्या माहितीवर विसंबू नका.

सिकलसेल : आपल्याला टाळता न येणारा प्रश्न

विदर्भात आदिवासी समाजात आणि आपल्या समाजातही सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळाच्या वेळी चारात एक शक्यता रुग्ण होण्याची, चारात दोन वाहक होण्याची आणि चारात एक पूर्ण निरोगी असण्याची असते. म्हणजे घरात एक मूल रुग्ण असेल, तर त्याची ठणठणीत भावंडे वाहक असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे. वाहकाला रोजच्या जगण्यात बहुधा काहीच त्रास होत नाही. म्हणूनच तो तपासणी करत नाही.

पण फार मोठे श्रम, ऊन आणि शरीरातले कमी झालेले पाणी एकत्र आले, तर वाहकाच्याही काही रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन स्नायूंतल्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकू शकतात. स्नायू तुटू लागतात, त्यातला घाण पदार्थ रक्तात उतरतो आणि किडनीवर भार येतो. शिवाय वाहकांच्या किडनीची लघवीतून पाणी वाचवण्याची ताकद थोडी कमी असते, म्हणून त्यांच्या अंगातले पाणी लवकर उतरते.

घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. अमेरिकेच्या लष्करातल्या सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. वाहक सैनिकांत मृत्यूचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. मात्र श्रमामुळे स्नायू तुटण्याचा धोका त्यांच्यात दीडपट होता. यातून दोन्ही गोष्टी घ्यायच्या. वाहक धावू शकतो. पण आपण वाहक आहोत हे माहीत असलेल्याने आणि माहीत नसलेल्याने धावणे यात फरक आहे.

तपासणी सोपी आहे. बोटातून थोडे रक्त घेऊन सोल्युबिलिटी चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली की वाहक आहे की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणीने कळते. रिपोर्टवर एए म्हणजे निरोगी, एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे रुग्ण. केंद्र सरकारचे सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सरकारी दवाखान्यात चौकशी करा. रुग्ण असेल त्याने अल्ट्राचा विचार तज्ज्ञ डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करू नये. वाहकाने हे नियम पाळावेत :

- सराव हळूहळू वाढवा. मोठी सुट्टी पडल्यावर एकदम जुन्या अंतरावर जाऊ नका.
- ताप, जुलाब, उलटी किंवा रात्रीची जागरणे झाली असतील त्या आठवड्यात मोठी धाव नको.
- सुरुवातीलाच गर्दीबरोबर जोर लावू नका. चढावर बोलता येईल इतक्याच वेगाने जा.
- पायांत अचानक ताकद नाहीशी झाली, मांड्या किंवा कंबर दुखू लागली की तिथेच थांबा. साध्या गोळ्यात स्नायू दगडासारखा घट्ट होतो. या त्रासात स्नायू हाताला मऊ लागतो, पण उभे राहवत नाही.
- शर्यतीच्या नंबरामागे "सिकलसेल वाहक, एएस" असे स्पष्ट लिहा. दवाखान्यात नेले तर पहिले वाक्य तेच सांगायचे.

आणखी तीन तपासण्या

हिमोग्लोबिन करून घ्या. पुरुषांत १३ आणि महिलांत १२ पेक्षा कमी असेल तर त्याला रक्तक्षय म्हणतात. आपल्या मुलींमध्ये हे फार दिसते. धाप लागते तेव्हा "सराव कमी पडला" म्हणून त्या आणखी धावतात. आधी कारण शोधून उपचार घ्या, मग अंतर वाढवा.

रक्तदाब आणि साखर तपासा. धावताना छातीत दुखणे, चक्कर येऊन पडणे, किंवा घरात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू, यातले काही असेल तर डॉक्टरांना न विचारता सांगा. ते ईसीजी काढतील, गरज पडली तर पुढची तपासणी सुचवतील. न तपासता मिळालेला दाखला आयोजकांच्या फाईलसाठी असतो. तुमच्या हृदयासाठी त्याचा काही उपयोग नाही.

सराव : जिने आहेत ना

पन्नास किलोमीटरसाठी, आधीपासून धावणाऱ्यानेही चार ते पाच महिने ठेवावेत. आठवड्यातून चार दिवस धाव, त्यातला एक दिवस लांब. दर आठवड्याला साधारण दहा टक्के वाढ, आणि दर चौथ्या आठवड्यात कमी. सर्वांत लांब सराव शर्यतीच्या तीन आठवडे आधी, मग हळूहळू कमी करत पायांना विश्रांती.

डोंगर जवळ नसेल तर फ्लॅट स्कीमच्या इमारतीचे जिने, उड्डाणपूल, नागपुरात सेमिनरी हिल्स, सुट्टीच्या दिवशी रामटेकचा गड. चढण्याइतकाच उतरण्याचा सराव करा. मांड्या उतरताना जास्त तुटतात, आणि माणसे पडतातही उतारावर. पाठीवर पाण्याची पिशवी घेऊन आणि अंधारात हेडटॉर्च लावूनही एक-दोन वेळा धावा.

मेक्सिकोतल्या रारामुरी या आदिवासी समाजातली लोरेना रामिरेझ २०१७ मध्ये ५० किलोमीटरची डोंगरी शर्यत जिंकली. अंगात समाजाचा घेरदार झगा आणि पायांत टायरच्या रबराच्या चपला. मुले हे व्हिडिओ पाहून म्हणतात, बूट लागतच नाहीत. पण ती लहानपणापासून त्याच चपलांनी, तसल्याच डोंगरात, शेळ्यांमागे चालत आलेली. तिच्याकडून एवढे शिकायचे की, ज्याची पायाला सवय आहे तेच शर्यतीत वापरायचे. नवा बूट, नवा मोजा, नवे खाणे शर्यतीच्या दिवशी नको.

पैसे कुठे घालायचे

फी, प्रवास, मुक्काम मिळून खर्च काही हजारांत जातो. त्यासाठी बचत गटाचे किंवा सावकाराचे कर्ज काढू नका. शर्यत पुढच्या वर्षीही असते. पहिल्या वर्षी ११ किंवा २५ किलोमीटरला नाव द्या, किंवा स्वयंसेवक म्हणून जा. थांब्यावर उभे राहून दिवसभरात जेवढे शिकायला मिळते तेवढे कोणी शिकवत नाही.

पैसा बुटाच्या पकडीवर आणि हेडटॉर्चवर खर्च करा. बूट अर्धा नंबर मोठा घ्या, उतारावर नखे काळी पडत नाहीत. शिटी, चांदीसारखा चमकणारा आपत्कालीन कागदी ब्लँकेट, क्रेप बँडेज हे फार महाग नाही. विंडचिटर मागून आणले तरी चालेल. मांड्या, काख आणि महिलांनी ब्राच्या पट्टीखाली पेट्रोलियम जेली लावावी. पाळी येण्याची शक्यता असेल तर पॅड आणि कागदी पिशवी सोबत ठेवावी. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

विंडचिटर ओझे वाटते. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरची डोंगरी शर्यत झाली. १७२ जण निघाले होते. दुपारी गारपीट, गार पाऊस आणि वादळी वारा सुटला. अनेकांच्या अंगावर फक्त पातळ कपडे होते. २१ धावपटू थंडीने गारठून मेले. त्यांच्यात नावाजलेले धावपटूही होते. एका मेंढपाळाने सहा जणांना आपल्या गुहेत नेऊन वाचवले. सह्याद्रीत तेवढी थंडी नसते, तरी पहाटेचा वारा आणि घामाने भिजलेला टी-शर्ट पुरेसा त्रास देतो.

पाणी, मीठ आणि खाणे

जास्त पाणी प्यायले की चांगले, ही समजूत लांब शर्यतीत धोक्याची आहे. साधे पाणी खूप प्यायल्याने रक्तातले मीठ पातळ होते आणि मेंदूला सूज येऊ शकते. अमेरिकेत २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा १३ टक्क्यांत मीठ कमी निघाले. त्याच शर्यतीत एका तरुण महिलेचा यामुळे मृत्यू झाला होता. म्हणून तहानेप्रमाणे, थोडे थोडे, पण नियमित प्या. बहुतेकांना तासाला अर्ध्या लिटरच्या आसपास लागते, उन्हात थोडे जास्त. सरावाआधी आणि नंतर वजन करून पाहा. वजन थोडे घटणे साधे आहे. वजन वाढले असेल तर पाणी जास्त झाले.

ओआरएसची पुडी एक लिटरची असेल तर पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळा. लहान पुडी २०० मिलिलिटरची असते, पुडीवर लिहिलेले असते. घरी करायचे तर एक लिटर स्वच्छ पाणी, सपाट सहा चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ अंदाजाने टाकू नका.

तासाला ३० ते ६० ग्रॅम पिठूळ-गोड अन्न पोटात गेले पाहिजे. महागडे जेल लागतातच असे नाही. एका मध्यम केळ्यातून साधारण २५ ग्रॅम मिळते. खजूर, गुळाचा खडा, राजगिऱ्याची चिक्की, मीठ लावलेला उकडलेला बटाटा, ग्लुकोजची बिस्किटे, यातले तुमच्या पोटाला काय मानवते ते सरावातच ठरवा. भूक लागायची वाट पाहू नका, दर अर्ध्या तासाला थोडे खा.

आणि दुखण्याच्या गोळ्या. मैदानावर मुले धावण्याआधीच गोळी घेतात हे मी पाहते. लांब शर्यतीत अंगातले पाणी कमी असते, स्नायू तुटत असतात, त्यात आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक गेले की किडनीचा रक्तपुरवठा आणखी घटतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे ८० किलोमीटर धावणाऱ्यांपैकी काहींना आयब्युप्रोफेन आणि काहींना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी दिली. किडनीला इजा झाल्याचे प्रमाण पहिल्या गटात ५२ टक्के आणि दुसऱ्यात ३४ टक्के निघाले. गोळी घेऊनच धावता येत असेल, तर त्या दिवशी धावू नका.

कधी थांबायचे

हे घरच्यांनी आणि सोबत जाणाऱ्या मित्रांनी पाठ करावे.

- बडबड, गोंधळ, अडखळती चाल, अंग तापलेले : उष्माघात. घाम असला तरी उष्माघात असू शकतो. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, वारा घाला, मान, काख आणि जांघेत बर्फ ठेवा. आधी थंड करा, मग गाडीत घाला. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका.
- डोके दुखणे, उलट्या, बोटे सुजून अंगठी घट्ट होणे, पाणी खूप प्यायलेले : मीठ कमी झाले असेल. साधे पाणी बंद करा, डॉक्टरांकडे न्या.
- थरथर, शब्द जड, हात काम करत नाहीत : गारठा. ओले कपडे काढा, कोरडे घाला, ब्लँकेटमध्ये गुंडाळा, शुद्धीत असेल तर गरम गोड पेय द्या.
- लघवी चहासारखी किंवा कोलासारखी, किंवा बरेच तास लघवीच नाही : स्नायू तुटले असतील. त्याच दिवशी दवाखाना. दुसऱ्या दिवशी अशी लघवी दिसली तरीही जायचे.
- साप चावला : कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. माणसाला न हलवता झोपवा आणि लवकरात लवकर दवाखान्यात पोहोचवा.

रुग्णवाहिकेचा नंबर १०८. डोंगरात रेंज नसते, म्हणून शिटी वाजवा आणि एकट्याला सोडून पुढे जाऊ नका. तुमची वेळ गेली तर जाऊ द्या.

आयांना एक सांगते. मुलगा किंवा मुलगी जायला निघेल तेव्हा कुठली शर्यत, कुठल्या गावातून सुरू, कोणासोबत, परत कधी, आयोजकांचा फोन नंबर काय, हे कागदावर लिहून घ्या. शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी लघवीचा रंग विचारा. हसेल तर हसू द्या.

त्या मुलाचा रिपोर्ट आला. एएस. दोन दिवस तो मैदानावर गेला नाही, त्याला वाटले धावणे संपले. मग बहिणीच्या उपचारांसाठी ज्या डॉक्टरांकडे हे घर जाते त्यांच्याकडे आम्ही तिघे गेलो, तो, त्याची आई आणि मी. त्यांनी तपासले, हिमोग्लोबिन पाहिले आणि सांगितले की या वर्षी २५ किलोमीटर, वर लिहिलेल्या नियमांनी, आणि ताप आला तर तिकीट रद्द. दाखल्यावर सही त्यांनीच केली. तो धावला, मधे एका चढावर पायांतली ताकद गेल्यासारखी वाटली तेव्हा थांब्यावर अर्धा तास बसला, बरे वाटल्यावर तिथल्या डॉक्टरांना विचारून चालत पुढे गेला. वेळेत पोहोचला, शेवटच्या काही जणांत.

परत आल्यावर तो रिपोर्टची झेरॉक्स घेऊन मैदानावर गेला. त्याच्यासोबत भरतीचा सराव करणाऱ्या अकरा जणांनी त्या आठवड्यात तपासणी केली. तुमच्या वस्तीत कोणी मैदानावर जात असेल तर हा लेख त्याला वाचायला द्या, आणि त्याचा रिपोर्ट मागा.